नामनिर्देश आणि नामघोष : लेखकाचा आचार

ग्रंथलेखन करणाऱ्यापुढे एक प्रश्न वारंवार उभा राहतो. आपले लिखाण वाचकांपर्यंत पोचावे, ही इच्छा सदोष नाही. परंतु त्यासाठी स्वतःचाच डांगोरा पिटावा लागत असेल, तर त्यास कर्तव्य म्हणावे की विकार?

प्रस्तुत लेखकास हा प्रश्न नुकताच प्रत्यक्ष पडला. जुन्या पोथ्यांविषयीचे एक लहानसे पुस्तक छापावयास घेतले असता प्रकाशकांनी मुखपृष्ठावर 'सुप्रसिद्ध संशोधक' हे बिरुद घालण्याचे सुचविले, आणि समाजमाध्यमांवर प्रतिदिनी स्वतःचे छायाचित्र व इतरांची स्तुतिवचने प्रसृत करावयास सांगितले. आठवडाभर आम्ही टाळाटाळ केली. मनास लाज वाटली; पण ती लाज निरभिमानाची, की कोणी विचारलेच नाही तर काय, या भयाची, हे उमगेना. म्हणून पूर्वाचाराकडे पाहिले.

पंडित म्हाइंभट सराळ्याचे. विद्येचा ताठा घेऊनच ते सर्वज्ञांकडे वादास आले होते. पुढे त्यांनीच इ. स. १२७८ च्या सुमारास श्रीनागदेवाचार्यांच्या आश्रयाने लीळा एकत्र केल्या. ज्यांनी पाहिले, ऐकले, त्यांच्याकडे ते स्वतः गेले व विचारून घेतले. पुढे मूळ पोथी धाडीत नाहीशी झाली, तेव्हा स्मरणातून पाठ पुन्हा सिद्ध करावे लागले. त्यांतील एक पाठ हिराइसेच्या नावाने ओळखला जातो. येथे नाव येते ते साक्षीसाठी. कोणी सांगितले हे कळले, तर वाचकास सत्यासत्य पारखता येते. नामनिर्देश आणि नामघोष यांतील भेद हाच होय. पहिल्यात लेखक उत्तरदायी होतो. दुसऱ्यात तो केवळ मोठा दिसतो.

परंतु यावरून मौनच श्रेष्ठ, असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. सकळ, सुंदरी आदी सांकेतिक लिपींनी आपले ग्रंथ जपले हे खरे. पण त्यांमुळेच शतकानुशतके मराठी वाचक या गद्यास पारखा राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, तेव्हा कोठे हे भांडार अभ्यासकांपुढे खुले झाले. ग्रंथ झाकून ठेवणे आणि अहंकार आवरणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

सातारा जिल्ह्यातील फलटण ही श्रीचक्रपाणी प्रभूंची जन्मभूमी. द्वारावतीस त्यांनी हाती खराटा व सूप घेऊन रस्ते झाडले, हे प्रत्येक उपदेशी जाणतो. झाडणे चारचौघांत, भर रस्त्यावर होते. त्यात लपविणे नव्हते. तथापि येणाऱ्याजाणाऱ्यास मिळत होता तो स्वच्छ रस्ता. लेखकाने हेच ध्यानी धरावे.

आधुनिक काळातील उदाहरण सांगलीचे. १८९८ मध्ये तेथे जन्मलेले वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात शिरोड्यास शाळामास्तर होते. 'ययाति'स १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार लाभला. त्यांनी स्वतःचे चरित्र मांडले, पण त्यास नाव दिले 'एका पानाची कहाणी'. स्वतःविषयी बोलणे त्यांनी वर्ज्य मानले नाही. मोजमाप मात्र पानाएवढे ठेवले.

तात्पर्य असे : बोलण्यापूर्वी लेखकाने स्वतःस विचारावे, या वाक्याने वाचकास ग्रंथाविषयी काही कळते काय? कळत असेल तर संकोच सोडून बोलावे. केवळ आपल्याविषयी कळत असेल तर ते वाक्य खोडावे.

आम्ही बिरुद नाकारले. त्याऐवजी कोणत्या पोथ्या पाहिल्या, काय आढळले आणि कोठे चूक संभवते, एवढे चार ओळींत लिहून दिले, व खाली आपले नाव घातले. समाजमाध्यमांवरही त्याच चार ओळी जाऊ द्याव्यात, असे कळविले. प्रकाशक किंचित नाराज झाले. प्रती कदाचित कमी खपतील. ते सोसावयाचे ठरविले आहे. चूक दाखविणाऱ्यास मात्र आमचे नाव व ठिकाण आता निश्चित सापडेल.

दंडवत प्रणाम.