ओघळलेला रंग काय शिकवतो?

खुलताबादच्या आमच्या शाळेतला गंजलेला लोखंडी बाक मुलांनी स्प्रेने रंगवायला घेतला. श्रावणसर नुकतीच येऊन गेली होती. एका मुलाने डबा अगदी जवळ धरून एकाच जागी दाबून ठेवला. रंग ओघळला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर पापुद्रेही निघालेले. "सर, माझ्यामुळे बिघडलं," म्हणत तो मागे जाऊन बसला.

खरं तर मीही चुकलो होतो. गंज नीट घासून घेतला नव्हता, प्रायमर लावला नव्हता, ओल्या हवेत घाई केली. हे मी वर्गात सांगून टाकलं.

मग फळ्यावर तीन रकाने केले:

काय झालं? – का झालं? – आता काय करायचं?

ओघळ – डबा जवळ, थर जाड – २५ ते ३० सेंमी अंतर, हात फिरता, पातळ थर.
पापुद्रे – खाली गंज, ओल – पॉलिश पेपर, कोरडं फडकं, मग प्रायमर.

आमच्याच जिल्ह्यात अजिंठ्याची चित्रं जपायला निजाम सरकारने १९२० मध्ये इटालियन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी दिलेला शेलॅकचा थर पुढे पिवळट, काळपट पडला. नंतर पुरातत्त्व खात्याला तो जपून काढावा लागला. चूक तज्ज्ञांचीही होते!

पुढे कोरड्या दिवशी, उघड्यावर, मास्क लावून, आधी पुठ्ठ्यावर सराव करून पहिला हात त्याच मुलाने मारला.

घरी काही बिघडलं, तर "कोणी केलं?" याआधी "का झालं असेल?" एवढं विचारून बघा.