जुन्या वर्तमानपत्रातली बातमी आणि नोटीस : चौथी-पाचवीसाठी वाचनपाठ



दरवर्षी ६ जानेवारीला आपण शाळेत पत्रकार दिन साजरा करतो. बाळशास्त्री जांभेकरांच्या फोटोला हार घालतो, दोन मुलं भाषण म्हणतात आणि कार्यक्रम संपतो. पण त्याच दिवसाला धरून वाचनाचा एक चांगला पाठ घेता येतो. पाठाचा हेतू साधा आहे. छापील मजकूर समोर आला की तो कोणी लिहिला, कधी लिहिला आणि त्यात आपल्याला काय करायचं आहे, हे मुलाला सांगता आलं पाहिजे.

१. आधी थोडी माहिती

भारतातलं पहिलं छापील वर्तमानपत्र २९ जानेवारी १७८० रोजी कोलकात्यात निघालं. ते काढणारा जेम्स ऑगस्टस हिकी मूळचा आयर्लंडचा. मुंबईत १८२२ मध्ये फर्दुनजी मर्झबान यांनी गुजरातीत 'मुंबई समाचार' सुरू केलं. ते आजही निघतं. त्यानंतर ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्रींचं 'दर्पण' आलं. तेव्हा बाळशास्त्रींचं वय विशीच्या आसपास होतं. पानावर दोन स्तंभ असायचे, एक मराठी आणि एक इंग्रजी. सुरुवातीला ते पंधरा दिवसांनी निघायचं, मे १८३२ पासून दर आठवड्याला निघू लागलं. वर्गणीदार साधारण ३००. १८४० मध्ये ते बंद झालं. पुढच्याच वर्षी भाऊ महाजनांचं 'प्रभाकर' आलं आणि १८४९ मध्ये पुण्यात 'ज्ञानप्रकाश'.

मुलांना 'वर्तमानपत्र' हा शब्द फोडून दाखवा. जुन्या मराठीत बातमीला 'वर्तमान' म्हणत. वर्तमान सांगणारं पत्र ते वर्तमानपत्र.

२. बातमी किती जुनी?

इथे फळ्यावर एक गणित घ्या. १८३२ मध्ये तारयंत्र नव्हतं, रेल्वे नव्हती. शिडाचं जहाज आफ्रिकेला वळसा घालून विलायतेहून मुंबईला यायला चार-पाच महिने लागायचे. मग तिथे १ जानेवारीला घडलेली गोष्ट मुंबईच्या वाचकाला कधी कळेल? मुलं बोटांवर मोजतात आणि म्हणतात, "म्हणजे मे-जूनमध्ये!" १८३० मध्ये 'ह्यू लिंडसे' नावाची आगबोट मुंबईहून सुएझला महिनाभरात पोहोचली. ती केवढी मोठी गोष्ट होती, हे या गणितानंतर सांगावं लागत नाही.

दुसरा प्रश्न आपल्या भागाचा. तेव्हा आपलं माजरी कुठे होतं? हा चांद्याचा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. मुंबईचा छापील कागद इथल्या माणसाच्या हाती पडणं फार दुर्मिळ. गावाला कळायचं ते दवंडीतून. कोतवाल डफडं वाजवत फिरायचा आणि "ऐका हो ऐका" म्हणून सांगायचा. दवंडी म्हणजे तोंडी नोटीसच. फरक एवढाच की ती एकदाच ऐकू यायची. जो शेतात गेला तो चुकला. छापील नोटीस पुन्हा वाचता येते, दुसऱ्याला दाखवता येते, जपून ठेवता येते.

३. आयर्लंडमधल्या नोटिसा

त्याच काळात आयर्लंडमध्ये वर्तमानपत्रं चांगली रुळली होती. 'बेलफास्ट न्यूजलेटर' तर १७३७ पासूनचं. त्यांत लढायांच्या बातम्या असायच्या, पण खरी गंमत बारीक अक्षरांतल्या नोटिसांमध्ये आहे. जन्म, लग्न, मृत्यू. जमीन खंडाने देणे आहे. जहाज अमुक बंदरातून निघणार. घोडा चोरीला गेला, त्याचा रंग असा, खूण अशी, आणून देणाऱ्याला बक्षीस. शिकाऊ पोरगा मालकाला सोडून पळाला, त्याला कोणी आसरा देऊ नये. वर्तमानपत्रावर सरकारी कर होता, त्यामुळे अंक महाग पडायचा. एक अंक अनेकांत फिरायचा आणि वाचता येणारा इतरांना वाचून दाखवायचा. आपल्याकडे पारावर एकाने पेपर वाचायचा आणि दहा जणांनी ऐकायचं, तसंच.

१९२२ मध्ये डब्लिनच्या सरकारी दप्तरखान्याला यादवी युद्धात आग लागली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या जनगणनेचे बहुतेक कागद जळाले. आज तिथले लोक आपल्या पणजोबा-खापरपणजोबांचा शोध घेताना या जुन्या नोटिसांकडे वळतात. दोन ओळींची लग्नाची नोटीसच कधी कधी एखाद्या घराण्याचा पुरावा ठरते.

४. वर्गातली कृती

मी मुलांना ही नोटीस फळ्यावर लिहून देते :

"सूचना. आमची तांबडी गाय सोमवारपासून चुकली आहे. कपाळावर पांढरा ठिपका, उजवं शिंग मोडलेलं. सापडल्यास शाळेमागच्या घरी कळवावे."

मग पाच प्रश्न :
१) कोण सांगतंय?
२) कोणाला सांगतंय?
३) काय झालं किंवा काय होणार?
४) तारीख कोणती, मुदत कधीपर्यंत?
५) वाचणाऱ्याने काय करायचं?

चौथ्या प्रश्नाला मुलं अडकतात. "सोमवार म्हणजे कोणता सोमवार, मॅडम?" हाच पाठाचा गाभा. तारीख नसलेली नोटीस आठ दिवसांनी निरुपयोगी होते. पहिल्या प्रश्नाचंही तसंच, गायीच्या मालकाचं नावच नाही. यानंतर प्रत्येक गटाने तीच नोटीस दुरुस्त करून लिहायची. शेवटी त्या दिवसाच्या पेपरातली एक खरी नोटीस घेऊन हेच पाच प्रश्न विचारायचे.

५. पालकांसाठी

हा पाठ फक्त परीक्षेपुरता नाही. आपला भाग कोळशाच्या खाणींचा. कोळशासाठी जमीन घ्यायची असेल तर १९५७ च्या कायद्याप्रमाणे सरकारी राजपत्रात अधिसूचना निघते. कलम ७ ची अधिसूचना निघाल्यापासून ३० दिवसांत हरकत घेता येते. ते ३० दिवस कोणी वाचून दाखवेल म्हणून थांबत नाहीत. जमीन विक्रीच्या 'जाहीर नोटीस'मध्येही हरकतीची मुदत असते, तीही बारीक अक्षरांत आणि अवघड मराठीत. 'तमाम लोकांस', 'निम्नस्वाक्षरीकार', 'हितसंबंध' हे शब्द बघूनच आपण पान उलटतो. मोठी माणसं पान उलटतात म्हणून मुलंही उलटतात.

आठवड्यातून एकदा पेपरातली एक नोटीस मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. मोबाईलवर आलेला निरोपही चालेल. पाच प्रश्न विचारा. अवघड शब्द आला तर त्याचा अर्थ वहीत लिहून ठेवा. खोटा निरोप बहुतेक वेळा पहिल्या आणि चौथ्या प्रश्नातच सापडतो, कारण त्यात पाठवणाराही नसतो आणि तारीखही नसते.

शिक्षकांनी ही कृती दोन तासिकांत घ्यावी. पहिलीत माहिती आणि गणित, दुसरीत नोटीस. गटांनी दुरुस्त केलेल्या नोटिसा तारखेसह शाळेच्या फलकावर लावा.