अनलॉक फोन, त्याचे बँड आणि ‘सॉफ्टवेअर मारणे’

व्यापाऱ्याचे भांडवल म्हणजे केवळ तिजोरीतील रक्कम नव्हे. वेळेवर कळलेला भाव, वेळेवर सुटलेली गाडी आणि वेळेवर पाळलेला शब्द हेही भांडवलच होय. आमच्या वडिलांच्या काळी आदिलाबादचा भाव उटनूरला येण्यास एखादा दिवस लागे. आज तो खिशातील मोबाइलवर क्षणात येतो. सबब तराजू व वजनांची जशी आपण परीक्षा करतो, तशी या यंत्राचीही परीक्षा करणे प्राप्त आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले धान्याचे व्यापारी. या विद्येचे पंडित नव्हे. परंतु ठेच लागल्यावर जे शिकलो, ते सभासद बंधुभगिनींपुढे ठेवणे कर्तव्य समजतो.

गेल्या तुरीच्या हंगामाच्या तोंडावर आमचा अमेरिकेतील पुतण्या घरी आला व त्याने एक उत्तम फोन आमच्या हाती ठेवला. “काका, हा अनलॉक आहे, यात कोणतेही सिम चालेल,” असे त्याने सांगितले. आम्ही त्यात दोन सिमे घातली. एक केवळ ४-जी व ५-जी सेवा देणाऱ्या कंपनीचे, दुसरे भारत संचार निगमचे. पहिल्या सिमावर बातम्या दिसत, चित्रे येत, परंतु बोलण्यासाठी फोन लावला तर लागतच नसे. दुसऱ्या सिमाची तऱ्हा निराळी. जैनूरकडे जाताना जंगलाच्या रस्त्यावर आमच्या फोनवरील रेंज नाहीशी होई, आणि शेजारी बसलेल्या हमालाच्या स्वस्त फोनवर त्याच निगमच्या ४-जीची रेंज दिसत राही! मालाची गाडी कोठे अडली हे विचारण्यास आम्ही मालकांनी हमालाचा फोन मागावा, असा प्रसंग अनेकदा आला.

पुढे जे घडले ते याहून वाईट. परगावच्या एका दुरुस्तीच्या दुकानी फोन नेला असता, “सॉफ्टवेअर मारून देतो, सर्व बँड उघडतील,” असे आश्वासन मिळाले. संध्याकाळी फोन परत आला तो कोरा होऊन. रेंज मुळीच नाही, फोनाचा ओळख क्रमांक शून्य, आणि सतरा शेतकऱ्यांच्या काटा-पावत्यांची छायाचित्रे व आगाऊ दिलेल्या रकमांची टिपणे, सर्व पुसलेले. नवा फोन आल्यापासून वहीत टिपणे करण्याचा आम्ही आळस केला होता, हा दोष आमचाच.

असो. यातून तीन निरनिराळ्या गोष्टी आम्हांस कळल्या. लोक त्या एकच समजतात व म्हणून फसतात.

१. ‘अनलॉक’ या शब्दाचा अर्थ

परदेशात पुष्कळसे फोन टेलिफोन कंपन्यांकडून हप्त्याने विकले जातात व हप्ते फिटेपर्यंत ते त्याच कंपनीच्या सिमाला बांधलेले असतात. आगाऊ रक्कम घेतलेला शेतकरी जसा एकाच आडत्याच्या दुकानी माल घालण्यास बांधील असतो, तसाच हा प्रकार. रक्कम फिटली की बंधन सुटते; त्यास फोन अनलॉक झाला असे म्हणतात. म्हणजे शेतकरी कोणत्याही पेठेत जाण्यास मोकळा झाला. परंतु त्या पेठेचा रस्ता त्याच्या गाडीस मानवेल की नाही, हे त्यातून सिद्ध होत नाही.

याच शब्दाचा दुसरा अर्थही आहे. फोन सुरू होताना जी पहिली आज्ञावली चालते, तिला बूटलोडर म्हणतात. तिचे कुलूप उघडले म्हणजे कारखान्याबाहेरची आज्ञावलीही फोनात घालता येते. यासही अनलॉक करणे असेच म्हणतात. दोहोंचा परस्परांशी काही संबंध नाही. दुकानदार ‘अनलॉक’ म्हणाला, तर कोणते कुलूप, हा प्रश्न प्रथम विचारावा.

२. बँड म्हणजे काय?

टॉवर व फोन यांचे संभाषण अदृश्य लहरींवरून चालते. या लहरींचे पट्टे पाडून प्रत्येकास क्रमांक दिलेला आहे. त्यालाच बँड म्हणतात. आपल्या देशात ४-जीसाठी मुख्यतः १ (२१०० मेगाहर्ट्झ), ३ (१८००), ५ (८५०), ८ (९००), २८ (७००), ४० (२३००) व ४१ (२५००) हे बँड वापरात आहेत. १ ऑक्टोबर २०२२ रोजी आरंभ झालेल्या ५-जीसाठी एन ७८ (३३०० च्या आसपास) व एन २८ (७००) हे प्रमुख होत.

लहरींचा आकडा जितका लहान तितकी लहर लांब. ७०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ४३ सेंटिमीटर, तर ३३०० ची अवघी ९ सेंटिमीटर असते. लांब लहर झाडी, भिंती व चढउतार यांतून अधिक दूर पोचते. आखूड लहर थोड्या अंतरात पुष्कळ माल वाहते. शहरात दाटीवाटीने टॉवर असतात, तेथे आखूड लहरींचे काम उत्तम चालते. आपल्या एजन्सी भागात डोंगर, साग व दूरदूर विखुरलेली गुडी असल्याने लहान आकड्याचे बँड बहुमोल ठरतात. २७ सप्टेंबर २०२५ रोजी ज्या स्वदेशी ४-जी सेवेचे राष्ट्रीय उद्घाटन झाले, ती भारत संचार निगमची सेवा ७०० व २१०० मेगाहर्ट्झवरही चालते. जुन्या पुष्कळ फोनांत २८ क्रमांकाचा बँड नाही. निगमचे सिम घेण्यापूर्वी हे पाहावे.

येथे एक मोठा चकवा आहे. आमच्या फोनाच्या कागदपत्रांत ‘७००’ हा आकडा स्पष्ट छापलेला होता. मग रेंज का नाही? आपल्या वडीलधाऱ्यांना स्मरत असेल, १९५८ च्या ऑक्टोबरात मेट्रिक वजने येऊ लागण्यापूर्वी एका पेठेचा मण दुसऱ्या पेठेच्या मणाशी जुळत नसे. नाव एक, माप निराळे. येथेही तसेच आहे. अमेरिकेत ७०० च्या नावाखाली १२, १३, १७ असे बँड चालतात. त्यांपैकी १२ क्रमांकाचा बँड टॉवरकडून फोनाकडे ७२९ ते ७४६ मेगाहर्ट्झवर बोलतो. आपला २८ क्रमांकाचा बँड त्याच कामासाठी ७५८ ते ८०३ वापरतो. दोघांची गाठ पडतच नाही. म्हणून मेगाहर्ट्झचा आकडा पाहू नये, बँडचा क्रमांक पाहावा.

फोनाचे नाव एक असले तरी देशपरत्वे त्याच्या आवृत्त्या निराळ्या असतात, हेही ध्यानी ठेवावे. २०१४ साली निघालेल्या आयफोन ६ ची ए १५४९ ही अमेरिकेतील आवृत्ती ४० क्रमांकाचा बँड जाणत नव्हती; ए १५८६ ही आवृत्ती जाणत होती. बाहेरून दोन्ही सारखेच. आणि भारतात १० एप्रिल २०१२ रोजी कोलकात्यास एअरटेलने पहिली ४-जी सेवा सुरू केली, ती याच २३०० मेगाहर्ट्झवर!

३. सॉफ्टवेअर मारल्याने काय होते, काय होत नाही

फोनाच्या आत जी मूळ आज्ञावली कायमची वसलेली असते, ती फर्मवेअर. ती पुसून दुसरी भरणे यास इंग्रजीत फ्लॅश करणे व बाजारात ‘सॉफ्टवेअर मारणे’ म्हणतात.

हे समजण्यास आपल्या गोदामातील चाळण्या आठवाव्यात. ज्वारीची चाळणी निराळी, हरभऱ्याची निराळी. फोनातही प्रत्येक बँडसाठी तशी चाळणी असते. तिला फिल्टर म्हणतात. ती हव्या त्या लहरी आत घेते व बाकीच्या बाहेर ठेवते. तिच्या जोडीला लहरी बळकट करणारा भाग व त्या बँडला जुळणारा अँटेना लागतो. या साऱ्या हातांत धरता येणाऱ्या वस्तू आहेत, कारखान्यात बसवलेल्या. फर्मवेअर म्हणजे मुनीमजींच्या जवळची सूचनांची वही. कोणत्या गिऱ्हाइकासाठी कोणती चाळणी काढावी, हे त्या वहीत लिहिलेले असते.

वही बदलली तर काय होईल? चाळणी गोदामात असून केवळ वहीत मनाई असेल, तर मनाई उठेल व काम सुरू होईल. परंतु चाळणी मुळातच नसेल, तर वहीत कितीही सुंदर अक्षरात लिहिले तरी दाणा चाळला जाणार नाही.

दोन्हीची उदाहरणे देतो. आपल्याकडे ५-जी सुरू झाले तेव्हा आयफोन १२ व त्यापुढील फोनांत ५-जीची सामग्री होती, पण येथील सेवेसाठी परवानगी नव्हती. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने आयओएस १६.२ ही नवी आज्ञावली दिली आणि तेच फोन जिओ व एअरटेलच्या ५-जीवर चालू लागले. येथे केवळ वही बदलली. उलट ए १५४९ फोनात कोणतीही आज्ञावली घातली तरी ४० क्रमांकाचा बँड येत नाही. कारण चाळणीच नाही. आमच्या फोनाचा २८ क्रमांकही याच जातीचा. ‘सर्व बँड उघडतील’ हे आश्वासन म्हणूनच पोकळ होते.

बोलणे न होण्याचे कारण मात्र वहीतील होते. ४-जीवरून आवाज नेण्याच्या सोयीस व्होल्टी म्हणतात व ती प्रत्येक टेलिफोन कंपनीसाठी फर्मवेअरमध्ये मंजूर असावी लागते. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सर्वांसाठी सुरू झाली, तेव्हा तिला २-जी वा ३-जीचा आधारच नव्हता. व्होल्टी नसलेल्या ४-जी फोनांवर लोकांना निराळे ॲप घेऊन बोलावे लागले होते. आमच्या फोनात ही सोय येथील कंपनीसाठी मंजूर नव्हती. ती मिळाली असती तर फोन बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत नव्या आज्ञावलीतूनच.

आता धोक्याविषयी. दुसऱ्या आवृत्तीचे फर्मवेअर घातल्यास फोन कायमचा बंद पडू शकतो. बाजारात त्यास फोन ‘डेड’ झाला म्हणतात. काही फोन जुने फर्मवेअर पुन्हा घालूच देत नाहीत. बूटलोडर उघडताना आतील सर्व माहिती सामान्यतः पुसली जाते व त्यानंतर बँकेची आणि पैसे देण्याघेण्याची ॲप्स पुष्कळदा चालण्यास नकार देतात. सर्वांत नाजूक वस्तू म्हणजे पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक. बेफिकीर हाताने तो बिघडतो व मग नेटवर्क फोनास ओळखत नाही. तो बदलणे हा २०२३ च्या दूरसंचार कायद्यान्वये गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. ‘दुसरा क्रमांक टाकून देतो’ असे कोणी म्हटल्यास फोन उचलून चालते व्हावे. बिघडलेला फोन कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रातच न्यावा.

४. घेण्यापूर्वी व नंतर

परदेशस्थ मुलाबाळांनी भेट आणण्यापूर्वी त्यांना पुढील गोष्टी कळवाव्यात.

पहिली : फोनाच्या सेटिंगमधील मॉडेल क्रमांक पाहून त्याच आवृत्तीची बँडची यादी कंपनीच्या माहितीपत्रकात तपासावी. ३, ५, ८ व ४० असावेत. आपल्या भागासाठी १ व २८ ही पाहावेत.

दुसरी : २०२२ च्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनांत सिम घालण्याची जागाच नाही. त्यांना ई-सिम लागते.

तिसरी : आपले सिम घालून प्रत्यक्ष फोन लावून पाहावा. इंटरनेट चालले म्हणजे बोलणे चालेलच असे नाही. ही परीक्षा दुकानात, घरात व नेहमीच्या रस्त्यावर, अशी तिन्ही ठिकाणी घ्यावी.

चौथी : जुना फोन घेताना *#०६# दाबून आयएमईआय पाहावा. केवायएम ही तीन रोमन अक्षरे, मोकळी जागा व पुढे तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवला असता फोनाची माहिती मिळते. चोरीचा माल दुकानी नको, तसा खिशातही नको.

पाचवी : नवी आज्ञावली घेण्यापूर्वी फोन पुरेसा चार्ज करावा व सर्व माहितीची प्रत अन्यत्र ठेवावी. हिशेबाची नोंद तर वहीत असावीच.

शेवटी त्या सतरा शेतकऱ्यांचे काय झाले, ते सांगतो. आम्ही प्रत्येकास बोलावून खरी गोष्ट सांगितली आणि त्याच्याजवळची काट्याची चिठ्ठी, ती नसेल तर त्याचा शब्द, प्रमाण मानून हिशेब केला. काहींच्या चिठ्ठ्या पावसापाण्यात विरल्या होत्या. तरी आमची आगाऊ दिलेली रक्कम प्रत्येकाने आपण होऊन सांगितली. एका वृद्ध गोंड शेतकऱ्याने तर आम्ही विसरलेले दोनशे रुपयेही आठवण करून देऊन वळते करविले. यंत्रावर आम्ही न पारखता विश्वास टाकला व ठोकर खाल्ली. ज्यांच्याशी वर्षानुवर्षे व्यवहार केला त्या माणसांचा विश्वास मात्र कामी आला.

तो अमेरिकेचा फोन आता आमच्या नातवंडांच्या खेळण्यात आहे. आम्ही येथील पेठेत मिळणारा साधा फोन वापरतो व संध्याकाळी वही लिहितो. धान्याचे पोते घेताना आपण बांबी मारून नमुना पाहतो; फोन घेताना तितकाच चोखंदळपणा ठेवावा, एवढीच विनंती करून हा लेख पुरा करतो.