दुखण्यातून उठलेल्याची कृतज्ञता

वाचावयाचे भाग : लूक १७:११-१९ व १८:९-१४

दुखणे सरले म्हणजे मनुष्य उपकार मानतो. परंतु उपकार मानण्याचेही दोन प्रकार आहेत, आणि लूककृत शुभवर्तमानाच्या या लगतच्या दोन अध्यायांत ते दोन्ही दिसतात. सतराव्यात दहा कुष्ठरोगी शुद्ध होतात व त्यांतील एकच, तोही शोमरोनी, उपकार मानावयास मागे फिरतो. अठराव्यातील परूशीही उपकारच मानतो, पण कशाबद्दल? आपण इतरांसारखे नाही, त्या जकातदारासारखे तर नाहीच नाही, याबद्दल. एकाने आपणांस काय मिळाले हे पाहिले. दुसऱ्याने शेजाऱ्यात काय उणे आहे हे पाहिले.

१. तुलनेचे समाधान. कल्याणास एका पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवरून घसरून आमचा घोटा मोडला व सहा आठवडे पाय प्लास्टरात राहिला. समाचारास येणारी मंडळी मायेने म्हणत, "घोट्यावर निभावले हेच पुष्कळ. अमक्याचा तर आगगाडीखाली पायच गेला." अशा शब्दांनी क्षणभर हलके वाटते. परंतु ज्याचा पाय गेला त्याने कोणाकडे पाहून उपकार मानावे? आपले समाधान दुसऱ्याच्या दुःखावर उभे राहिले, तर तो मनुष्य आपणांस शेजारी म्हणून दिसत नाही, केवळ माप म्हणून दिसतो. शिवाय आपल्याहून सुखी कोणी भेटताच ते समाधान ढासळते.

२. मिळालेल्याची मोजदाद. खरी कृतज्ञता मिळालेले मोजते. कोणी उचलून घरी आणले, कोणी आपली मजुरी बुडवून दवाखान्यात सोबत केली, कोणी रात्री उठून पाणी दिले. ज्यांस आपण कधी पाहिले नाही अशांचेही ऋण आहे. रंटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधून काढले; त्यापूर्वी आतले हाड कसे मोडले हे वैद्यास बहुधा हाताने चाचपूनच ताडावे लागे. आणि देहाचे काम पाहा. वैद्य हाड सरळ बसवून स्थिर ठेवतो. पण मोडल्या जागी आधी मऊ जोड धरतो व तोच पुढे टणक हाड बनतो, हे काम आपण निजलो असताही चालते. ते आपल्या कर्तबगारीचे फळ नव्हे. ते देणे आहे.

३. मंद चालीस जे दिसते. प्लास्टर सुटले तेव्हा पाय बारीक झाला होता व सांधा आखडला होता. कल्याण स्टेशनच्या जिन्यावर आम्ही कठडा धरून एकेक पायरी चढत असू. तेव्हा भाजीची पाटी घेऊन, दर चार पायऱ्यांवर दम खाणारी म्हातारी आमच्या बरोबरीने दिसू लागली. धावत्या गर्दीस ती दिसत नाही. दुखण्याने दिलेली ही दृष्टी पाय बरा होताच मिटू लागते. म्हणून ती असतानाच कामास लावावी.

४. जो पूर्ववत झाला नाही. सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर लष्करात होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे अंग लुळे पडले. उपचार म्हणून ते पोहू लागले. आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे, अपंगांच्या जागतिक सामन्यांत, ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक जिंकले. पॅरालिम्पिक सामन्यांतील भारताचे ते पहिले सुवर्णपदक. २०१८ साली त्यांस पद्मश्री मिळाली. पाय परत आले नाहीत. उरलेल्या हातांचे मोल मात्र झाले. तरी अंथरुणास खिळलेल्यास "पेटकरांकडे पाहा" असे सांगून टोचू नये. तीही तुलनाच होय. त्याच्यापाशी बसावे, व त्याचे कोणते काम अडले आहे ते विचारावे.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न

१. शोमरोन्याचे व परूश्याचे उपकार मानणे यांत भेद कोणता?
२. आपल्या शेवटच्या दुखण्यात कोणाकोणाचे हात लागले? त्यांतील कोणाकडे आपण अजून मागे फिरलो नाही?
३. आपल्या गावात आज कोण अंथरुणावर आहे, आणि त्याच्या शेतातील कोणते काम आपण या आठवड्यात उरकून देऊ शकतो?