गाय तांबडं मुतते म्हणे

सिन्नर,
पोळ्यानंतरचा सोमवार

चि. सौ. पिंकी हिस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

आठ गाईंच्या मालकिणीला अजून पिंकी म्हणू नये, असं तुझी मामी म्हणते. पण रागवायचं असलं की मला तुझं दुसरं नाव सुचत नाही, आणि आज रागवायचंच आहे. फोन केला असता, पण फोनवर तू नुसतं 'हो मामा, हो मामा' करतेस आणि मागे एखादी गाय हंबरली की ठेवून देतेस. म्हणून कागद. संध्याकाळच्या धारा उरकल्या की निवांत वाच.

पोळ्याला तुमच्याकडचा दुधाचा टेम्पोवाला शेजाऱ्यांकडे पाहुणा आला होता. मला ओळखून ओसरीवर आला, पुरणपोळी खाता खाता म्हणाला, "तुमच्या भाचीची एक गाय तांबडं मुतते म्हणे. कांदा-लसणावर ठेवल्यात ना गाई!" आणि हसला. मी विचारलं, कुठली गाय, कधीपासून, गाभण की ओली? त्याला काय माहीत! ताईला, म्हणजे तुझ्या आईला, विचारलं तर ती म्हणते, "तिला बोलू नकोस, ती वाचून-बघून करते." म्हणजे ताईलाही ठाऊक होतं. मला तेवढं कुणी सांगितलं नाही.

तर आधी त्या गाईचं बघ, बाकीचं पत्र नंतर वाचलंस तरी चालेल. पहाटेची लघवी काचेच्या बरणीत धर आणि बरणी तासभर न हलवता ठेव. तळाशी तांबडा गाळ बसून वरचं निवळलं, तर मूत्रमार्गात कुठेतरी रक्त येतंय. सगळीच कॉफीसारखी राहिली, तर रक्तातल्या तांबड्या पेशी अंगातच फुटताहेत, आणि हे जास्त वाईट. डोळ्याची खालची पापणी उलटून बघ. गुलाबी हवी. पांढुरकी, फिक्की दिसली तर संध्याकाळची वाट बघू नकोस, डॉक्टरला लगेच बोलव.

पेशी फुटायला आपल्या भागात नेहमीची कारणं तीन. गोचिडामुळे होणारा बबेसिया, त्यात सणकून ताप असतो. दुसरं, भरपूर दूध देणारी गाय व्याल्यावर पहिल्या काही आठवड्यांत फॉस्फरस कमी पडला तर. आणि तिसरं कांदा. तिन्हींत लघवी सारखीच दिसते, उपचार मात्र तीन तऱ्हेचे. म्हणून कुणा शेजाऱ्याने सांगितलं आणि दुकानातून इंजेक्शन आणलं, असलं काही करू नकोस.

कांद्याचं मला कळतं गं. चाळीत उन्हाळी कांदा सडायला लागला, बाजारात गोल्टी आणि खाद कुणी विचारत नाही, वाहतूकही सुटत नाही. डोळ्यांदेखत उकिरड्यावर टाकण्यापेक्षा गाईंनी खाल्लेला काय वाईट? त्यातून कुणीतरी मोबाईलवर सांगितलं असणार की कांदा-लसूण म्हणजे घरचं अँटिबायोटिक. पण कांद्यातली गंधकाची द्रव्यं गाईच्या तांबड्या पेशींची नासाडी करतात. शेळ्या-मेंढ्या पुष्कळ सोसतात, गाय सगळ्यांत हळवी. शिजवून घातला तरी तो गुण जात नाही. आणि चारायला लागलं की दुसऱ्या दिवशी काही दिसत नाही. चार-सहा दिवसांनी गाय धापा टाकते, चारा सोडते, श्वासाला कांद्याचा वास येतो, आणि मग लघवी. तोवर माणूस म्हणतो, काल-परवापर्यंत तर चांगली खात होती! चारायचाच झाला तर सडका-बुरशीचा मुळीच नको, इतर चाऱ्यात मिसळून, हळूहळू वाढवत, आणि कोरड्या वजनाच्या हिशोबाने एकूण खाद्याच्या पावाच्या पुष्कळ खाली. तुझ्या गोठ्यात तर आता एक पातीही नको. ज्या दुधाला कांद्याचा वास मारेल ते संकलन केंद्रावर परत येईल, ते वेगळंच.

तू म्हणशील, मामा जुना सरकारी माणूस, ह्याला सुईशिवाय काही दिसत नाही. तसं नाही. गेल्या दिवाळीत कोरफड, हळद आणि चुना वाटून दगडी झालेल्या सडाला लावत होतीस, तेव्हा मी काय म्हणालो होतो? आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने तेच मिश्रण शेतकऱ्यांपर्यंत नेलं आहे: कोरफड 250 ग्रॅम, हळद 50, चुना 15. आधी सड पिळून, कास धुऊन, दिवसातून अनेक वेळा लावायचं. त्यात माप आहे, कशासाठी ते ठरलेलं आहे, आणि ते वरून लावायचं आहे, पोटात घालायचं नाही. अँटिबायोटिकची तुला वाटते ती धास्तीही खरी. युरोपात 1 जानेवारी 2006 पासून जनावरं फुगवण्यासाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं बंद झालं; आपल्याकडे 2019 च्या जुलैत कोलिस्टिन बंद केलं, कारण माणसाला दुसरं काही लागू पडत नाही तेव्हा वापरायचं ते औषध कोंबड्यांच्या खाद्यात जात होतं. ओवा, लसूण, शतावरी, यीस्ट यांच्यामागे जगभरची खाद्यवाली मंडळी लागली ती ह्यातूनच. त्यात थोतांड नाही.

पण ओव्यात खरंच जंतू मारण्याची ताकद आहे म्हणून तर ती जपून वापरायची. गाईचं कोटीपोट शंभर लिटरच्या वर. त्यात कोट्यवधी जिवाणू कडबा आंबवतात, आणि गाय जगते ती त्यांच्या जिवावर. वाटीभर लसूण आणि ओव्याचा अर्क रोज ओतलास तर रोगाचे जंतू मरोत न मरोत, घरचे आधी मरतील. गाय मग रवंथ कमी करते आणि आपण म्हणतो, ताकदीचं काहीतरी आणखी द्यायला हवं. आणि झाडपाला म्हणजे निर्धोक असंही नाही; शेतात जे विष आहे तेही तिथलंच उगवलेलं आहे. कोवळ्या ज्वारीची किराळ लागून तासाभरात गेलेली जनावरं मी उचलली आहेत. घाणेरी खाऊन कातडी सोललेल्या गाई पाहिल्या आहेत. त्यांच्यावर कुणी कारखान्याचं लेबल लावलेलं नव्हतं.

आणि तू आणलेली ती बाटली. ताईने फोटो पाठवला. वजन वाढवते, दूध वाढवते, माज आणते, वार पाडते, जंत काढते. एवढं सगळं करणारी एकच गोष्ट मी आयुष्यात पाहिली, ती म्हणजे वेळेवर हिरवा चारा. बाटलीवर आत काय, किती, ते कुठेच नाही. शतावरीने दूध थोडं चढल्याचे प्रयोग आहेत, नाही असं नाही. पण गाईच्या पोटात मुळात प्रथिनं आणि ऊर्जा असली तरच. लिटरभर दुधामागे चारशे ग्रॅम पशुखाद्य आणि चारेक लिटर पाणी, हा हिशोब चुकला तर शतावरी कुठून दूध आणणार? तुझ्या त्या अझोल्याचंही तसंच. वाळवून तपासला तर वीस-पंचवीस टक्के प्रथिनं, हे खरं. पण ओल्या अझोल्यात शंभरातलं त्र्याण्णव-चौऱ्याण्णव पाणीच. दोन किलो ओला घातलास तर प्रथिनं तीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका लिटर दुधात जातात तेवढीच. घाल, चांगला आहे, गाई आवडीने खातात. फक्त त्याच्या भरवशावर पेंड तोडू नकोस.

आता ज्याने मला रात्री झोप लागली नाही ते. बाटली आणल्यावर तू खनिज मिश्रण बंद केलंस, असं ताई म्हणाली. 'त्याऐवजी चुन्याची निवळी देते' म्हणे. चुन्यात कॅल्शियम आहे, फॉस्फरस नाही. म्हणजे बघ, वर सांगितलेल्या तीन कारणांपैकी दोन तुझ्याच गोठ्यात एकत्र आली: फॉस्फरस बंद आणि कांदा चालू. ती गाय नुकती व्यालेली असली तर? म्हणून परत विचारतो, कुठली गाय? खनिज मिश्रणाची ती पूड रोज पन्नास-साठ ग्रॅम. तेवढीही देता येत नसेल तर निदान गव्हाचा कोंडा तरी वाढव, त्यात फॉस्फरस बरा असतो.

काढे पाजताना जीभ ओढून धरतेस का? धरू नकोस. मान पाठीच्या रेषेपेक्षा वर करू नकोस, आणि गाय खोकली की बाटली ताबडतोब काढ. औषधाने मेलेल्या जनावरांपेक्षा औषध फुफ्फुसात जाऊन मेलेली जास्त, हे मी नोकरीभर बघत आलो.

आणि लस का थांबवलीस? काढ्याने प्रतिकारशक्ती येते, मग लाळ-खुरकूतची सुई कशाला, असं तू म्हणालीस म्हणे. 2022 ला लम्पी आला तेव्हा तुझ्या सासरच्या गल्लीत काय झालं ते तू स्वतः पाहिलंस. हळद-गुळाने विषाणू थांबत असता तर त्या माउलींनी काय कमी हळद दिली होती?

इथवर लिहून चहाला उठलो. मामी म्हणाली, "अहो, लस टोचल्यावर दोन-तीन दिवस दूध कमी होतं ना?" होतं. आणि मग टेम्पोवाल्याने जाता जाता सांगितलेलं दुसरं वाक्य आठवलं, जे मी तेव्हा कानाआड केलं होतं. तू दुधाची उचल आधीच घेतली आहेस.

म्हणजे हे सगळं असं आहे होय? दोन दिवसांचं दूध गेलं तर हप्ता चुकतो म्हणून लस नाही. खनिज मिश्रणाचा पुडा महाग म्हणून चुना. भाव नाही म्हणून कांदा. आणि बाटली घेतली ती त्याने दूध वाढेल ह्या आशेवर. मी इकडे बसून तुला कोटीपोटातले जिवाणू शिकवतोय.

तुझ्या आईचं एक सांगतो, तिने तुला कधी सांगितलं नसेल. तिला सातवीनंतर शाळेतून काढलं, कारण म्हशीमागे कुणीतरी जायला हवं होतं आणि मी धाकटा, शाळेत हुशार म्हणून नाव असलेला. जनावराची नजर मात्र तिची. कुठली म्हैस आज चारा टाकणार हे ती ओसरीवर बसून सांगायची. मला नोकरी लागली, पहिला पगार घेऊन घरी आलो, तेव्हा ती म्हणाली, "मला बाहेरून मॅट्रिकला बसव की." मी म्हणालो, बघू. पुढे तिचं लग्न झालं. त्या 'बघू'चं मला अजून लागतं. पशुधन पर्यवेक्षकाच्या खुर्चीत मी बसलो, पण गावोगाव जाऊन जे सांगत होतो त्यातलं निम्मं तिच्याकडून ऐकलेलं होतं. तू गोठा काढलास तेव्हा सगळे नको म्हणत होते. मी हो म्हणालो ते तुझ्यात मला तीच दिसली म्हणून. आता तुला ओरडतोय तेही त्याच पोटी.

तर असं कर. खनिज मिश्रणाचे दोन पुडे मंगळवारी टेम्पोबरोबर पाठवतो. पैशाचं काढू नकोस, तुझ्या आईचं माझ्याकडे जुनं देणं आहे. डॉक्टरची फीही माझ्याकडे लाव. उचल किती, कुणाकडून, महिना किती वळता होतो, हे एका कागदावर लिहून ठेव. मला दाखव, जावईबापूंना वाईट वाटणार नाही अशा बेताने बोलतो. लाळ-खुरकूतची लस सरकारी मोहिमेत दर सहा महिन्यांनी फुकट टोचतात; ते येतील तेव्हा सगळ्या गाई एकदम देऊ नकोस वाटलं तर, चार आज, चार नंतर. दूध एकदम खाली येणार नाही. कोरफडीचा लेप चालू ठेव. बाटली संपलीच असेल, नवी आणू नकोस.

तू जेवतेस का वेळेवर? ताई म्हणाली, हात बारीक झालेत. मामीने तुझ्यासाठी अळिवाचे लाडू केले आहेत. ते गाईंसाठी नाहीत, सांगून ठेवतो.

शनिवारी एसटीने येतो. तुमचा तो लाल्या बांधून ठेव, मागच्या खेपेला माझी पिशवी त्याने पार उसापर्यंत ओढत नेली होती.

तुझा,
मामा

ता.क. गाय कुठली ते सांगायला शनिवार उजाडू देऊ नकोस. रात्री कितीही वाजता फोन कर, हल्ली मी जागाच असतो. बांडी असेल तर आधी मला सांग, ताईला नको. ती कालवड तिने स्वतःच्या हाताने चीक पाजून वाढवली आहे.