रांजणवाडी पुन्हा त्याच जागी आली तर

अगं, सासूबाईंच्या वरच्या पापणीवर तिसऱ्यांदा रांजणवाडी आलीय म्हणालीस, तेव्हापासून तुझ्याशी निवांत बोलायचं होतं. लवंग उगाळून लावून झाली, शेक झाला, डॉक्टरांनी दोनदा चिरा देऊन ती रिकामीही केली. आता तिसऱ्यांदा नुसतं तेवढंच करून घेऊ नका. साठी उलटलेल्या माणसाला त्याच जागी पुन्हा गाठ आली, की तिचा तुकडा तपासायला पाठवायचाच.

घाबरू नकोस, बहुतेक गाठी साध्याच निघतात. पण पापणीत तेल तयार करणाऱ्या मायबोमियन ग्रंथी असतात आणि त्यांचाही कर्करोग होतो, सेबेशियस कार्सिनोमा. पाश्चात्त्य देशांत तो दुर्मिळ. आपल्याकडे मात्र पापणीच्या कर्करोगांत त्याचं प्रमाण बरंच जास्त आहे. वरच्या पापणीत या ग्रंथी अधिक, म्हणून तो तिथेच जास्त दिसतो.

सहसा दुखत नाही, त्यामुळे माणूस गाफील राहतो. उद्या सकाळी त्यांना खिडकीपाशी बसव आणि नीट बघ. गाठीजवळचे पापणीचे केस गळलेत का? कड जाड झालीय का, पिवळट दिसते का? एकच डोळा महिनोन्‌महिने लाल राहतोय आणि थेंबांनी उतरत नाहीये, असं आहे का? कानापुढे आणि जबड्याखालीही हात फिरवून बघ, गाठ लागली तर डॉक्टरांना सांग.

दाखवायचं ते शक्यतो ऑक्युलोप्लास्टीच्या, म्हणजे पापण्यांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना. बायोप्सीने कॅन्सर पसरतो, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. हा रोग खोलात सुरू होतो, वरवरच्या तुकड्यात निसटू शकतो. म्हणून तुकडा पुरेसा खोल घेणार का, हे विचार. पॅथॉलॉजिस्टला सेबेशियसची शंका लिहून कळवायला सांग. रोग निघालाच, तर डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या आवरणाचेही ठिकठिकाणचे छोटे तुकडे घेतात, कारण तो त्या आवरणातून सुटा सुटा पसरतो.

उपचार म्हणजे मुख्यतः ऑपरेशन. गाठीभोवतीचा थोडा निरोगी भागही काढतात आणि कडा स्वच्छ आहेत ना, हे तपासून मगच पापणी पुन्हा उभी करतात. वरच्या पापणीचा मोठा भाग काढावा लागला, तर खालच्या पापणीचा भाग वर ओढून शिवतात. मग काही आठवडे तो डोळा बंदच राहतो आणि नंतर छोट्या ऑपरेशनने उघडतात. हे त्यांना आधी सांगून ठेव, नाहीतर दृष्टी गेली असं वाटून त्या खचतील. आवरणात रोग उरला असेल, तर मायटोमायसिन या औषधाचे थेंब किंवा अतिथंड उपचार देतात. डोळा काढावा लागतो तो रोग खोबणीत शिरल्यावर. ती वेळ येऊ नये म्हणूनच माझी ही घाई.

घरात कुणाला आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झाला असेल, तर तेही सांग. क्वचित या सगळ्यांचं मूळ एकाच आनुवंशिक दोषात असतं. आणि ऑपरेशननंतरच्या तपासण्या कित्येक वर्षं चुकवायच्या नाहीत.

त्या म्हणतील, सण होऊ दे, मग बघू. ऐकू नकोस. याच आठवड्यात नंबर लाव आणि स्वतः सोबत जा. रिपोर्ट साधा आला, तर सगळेच सुटकेचा निःश्वास सोडू. तसा नाही आला, तर पुढच्या प्रत्येक फेरीला मी तुझ्याबरोबर आहे.