लाकडी डेकची निगा व स्थानिक कारागीर : सुरतेच्या गोदीपासून घेण्यासारखे

लाकडी नौकेचा तळ पाण्याखाली असतो म्हणून त्याची काळजी सर्वजण वाहतात. डेकची, म्हणजे ज्यावर आपण उभे राहतो त्या वरच्या फळ्यांची, काळजी मात्र गळती लागेपर्यंत कोणी करीत नाही. तळ पोखरणारा किडा समुद्रात असतो हे खरे. परंतु कुजण्याचा प्रारंभ पुष्कळदा वरूनच होतो. लाकूड कुजविणारी बुरशी खाऱ्या पाण्यात सहसा वाढत नाही. पावसाचे गोडे पाणी सांध्यांतून झिरपून फळ्यांखालच्या आडव्या तुळयांवर साठते, तेथे ऊन व वारा पोचत नाही, आणि वरची फळी धडधाकट दिसत असतानाच खालची तुळई भुसभुशीत होऊन जाते. ज्या तरीतून शाळकरी मुले रोज खाडी ओलांडतात, किंवा ज्या मचव्यावर एखाद्या कुटुंबाचे सारे कर्ज उभे असते, त्याच्या बाबतीत ही गोष्ट किरकोळ मानता येणार नाही.

हे काम कोणाकडून करून घ्यावे, याचे उत्तर सुरतेच्या इतिहासात चांगले सापडते. तापीच्या मुखाशी वाळूचे दांडे असल्यामुळे मोठी जहाजे शहरापर्यंत येत नसत. ती सुवाळीच्या किनाऱ्यालगत नांगर टाकीत. याच सुवाळीजवळ १६१२ साली इंग्रज व पोर्तुगीज यांची आरमारी लढत झाली आणि त्यानंतर इंग्रजांची वखार सुरतेत स्थिरावली. महिनोगणती प्रवास करून आलेल्या या जहाजांची डागडुजी करण्यास सुरतेत पिढीजात सुतार होते. त्यांची रीत अशी की, शेजारच्या दोन फळ्यांच्या कडांना खाच पाडून एकीत दुसरी बसवावयाची, मध्ये राळ लावून कापूस घालावयाचा आणि फळ्या एकमेकींवर ठोकून घट्ट करावयाच्या. युरोपीय रीतीत फळ्यांच्या सपाट कडा एकमेकींस भिडवून फटीत वरून ताग ठोकीत. अठराव्या शतकातील युरोपीय प्रवाशांनी सुरतेच्या या बांधणीची वाखाणणी केली आहे. शिवाय लाकूड सागाचे. सागातील तेलामुळे लोखंडी खिळा टिकतो. ओकच्या लाकडातील आम्लामुळे तो गंजतो.

ईस्ट इंडिया कंपनी हिशेबात उदार म्हणून कधीच प्रसिद्ध नव्हती. तरीही तिने १७३५ साली सुरतेत ‘क्वीन’ नावाचे जहाज बांधून घेतले, आणि त्या कामावरील लवजी नसरवानजी या तरुण पारशी कारागिराची हातोटी पाहून पुढच्याच वर्षी त्यांना काही सुतारांसह मुंबईस बोलाविले. १७५० साली मुंबईत कोरडी गोदी तयार झाली. लवजींचे वंशज, म्हणजे वाडिया घराणे, सुमारे दीडशे वर्षे मुंबईच्या गोदीतील मुख्य कारागीर राहिले. त्यांनी मलबारी सागातून बांधलेली व १८१७ साली पाण्यात सोडलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. कंपनीने नुसते एक जहाज बांधून घेतले नाही. कारागीर, त्याचे कुटुंब आणि त्याची पुढची पिढी यांस कामाशी जोडून ठेवले.

याच्या उलट अनुभव आपल्या किनाऱ्यावरही आलेला आहे. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत आरमार उभारण्यास आरंभ केला तेव्हा रुई लैतांव व्हिएगस याच्या हाताखाली पोर्तुगीज कारागीर कामावर होते. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने सूत्रे हलविताच १६५९ साली ही मंडळी काम अर्धे टाकून निघून गेली. आरमार अडले नाही, कारण ते पुढे नेण्यास येथले हात होते.

निगेची रीत

डेक रोज समुद्राच्या पाण्याने धुवावी. त्याने मीठ लाकडात मुरते आणि फळ्या फुगलेल्या राहून सांधे मिटलेले राहतात. मासळीची चरबी काढण्यासाठी तारेचा ब्रश व तीव्र सोडा वापरण्याची प्रवृत्ती वाढली आहे, ती बरी नव्हे. लाकडाचा मऊ भाग निघून जाऊन फळीवर चऱ्या पडतात व त्यांत पाणी राहते. नारळाच्या शेंडीचा कुंचा पुरे, आणि तोही रेषांच्या आडवा फिरवावा.

सांधे भरण्याचे काम यापेक्षा पुष्कळ नाजूक आहे. जुने भरण मुळापासून काढून सांधा कोरडा करावा लागतो, नंतर कापूस किंवा ताग ठोकून वर तापविलेले डांबर व राळ ओततात. प्रश्न केव्हा भरावे हा आहे. भर उन्हाळ्यात फळी आकसलेली असते. तेव्हा गच्च भरले तर पावसात ती फुगून भरण बाहेर ढकलते. पावसाळा संपताच भरले तर फळी ओली असते, राळ धरत नाही आणि वैशाखात फटी पडतात. मधला काळ कोणता, हे गावागणिक, लाकडागणिक बदलते. ज्याने त्याच खाडीवर वीस पावसाळे काढले आहेत त्याला ते फळीवर हात ठेवून समजते. परगावचा ठेकेदार आपल्या सोयीच्या तारखेस येतो, येथेच सारे बिघडते.

कारागीर नेमताना

कारागिराचे नुकतेच झालेले काम पाहू नये. सारेच नवे काम चकचकीत असते. दोन पावसाळ्यांपूर्वी त्याने केलेली नौका पाहावी व तिच्या डेकखाली उतरून तुळयांना चाकूचे टोक लावून पाहावे. लाकडी हातोडीने ठोकता बद्द आवाज आला तर तेथे कूज आहे असे समजावे. ही तपासणी नाखव्यास, ग्रामपंचायतीच्या सदस्यास, इतकेच काय, वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांसही शिकविता येते.

मोबदल्याविषयी एक गोष्ट अधिकारीवर्गाने अवश्य ध्यानात घ्यावी. फळी उघडल्याखेरीज खालचे नुकसान कळत नाही. अशा कामाची एकरकमी निविदा काढून सर्वांत कमी दर स्वीकारला की, कूज दिसली तरी ती झाकून वर नवी फळी बसविण्याचा मोह कारागिरास होतो, आणि त्याबद्दल केवळ त्यालाच दोष देता येत नाही. म्हणून उघडण्याचे व तपासण्याचे काम रोजंदारीने करून घ्यावे, मालकाने किंवा प्रतिनिधीने समक्ष पाहून यादी करावी, आणि मगच दुरुस्तीचा मक्ता लेखी ठरवावा. लाकूड, राळ व खिळे मालकाने स्वतः खरेदी करावेत. शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस होऊन सांधे तपासल्यावर द्यावा, मात्र तो ठरल्या दिवशी द्यावा. सरकारी कामांत नेमका हाच हप्ता रखडतो आणि चांगला मेस्त्री पुन्हा येत नाही.

फायबरच्या नौका आल्यापासून लाकूडकामाचे मेस्त्री कमी झाले आहेत व त्यांची मुले अन्य धंद्यांत गेली आहेत. ज्या गावात अजून पाचदहा लाकडी नौका आहेत तेथील मालकांनी मिळून एका मेस्त्रीस वर्षाचे ठरावीक मानधन द्यावे. त्याने दर दोन महिन्यांनी प्रत्येक डेक पाहावी, आणि सोबत एक शिकाऊ मुलगा ठेवावा, ही अट करारातच घालावी. पावसाळ्यात नौका वर ओढल्यावर डेकवर झापांचे किंवा ताडपत्रीचे छप्पर घालताना दोन्ही टोके उघडी ठेवावीत, म्हणजे वारा खेळता राहील.